सिंहलद्वीपाची स्मृतिस्थळे : धम्माचा ठेवा आणि जातीची सावली

भारताच्या दक्षिण टोकाशी, अरुंद समुद्रधुनीपलीकडे वसलेला श्रीलंका हा देश आकाराने लहान आहे. महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडे अधिक एवढेच त्याचे क्षेत्रफळ. परंतु नारळीच्या बागांनी वेढलेले किनारे, उत्तरेकडील कोरड्या प्रदेशातील विस्तीर्ण तलाव, मध्यभागी धुक्यात बुडालेले चहाचे डोंगर आणि जागोजागी उभे असलेले विशाल स्तूप यांमुळे जगभरातील प्रवासी या बेटाकडे ओढले जातात. प्रवासवर्णनांत त्याच्या सौंदर्याची स्तुती पुष्कळ झाली आहे. बौद्ध वाचकाला मात्र या स्थळांकडे केवळ प्रवाशाच्या नजरेने पाहता येणार नाही. आपल्या भूमीतून जो धम्म नाहीसा झाला, तो या बेटाने दोन सहस्रकांहून अधिक काळ कसा सांभाळला आणि सांभाळताना त्यात काय मिसळू दिले, हे दोन्ही प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचे आहेत. त्यांची उत्तरे ग्रंथांइतकीच या स्थळांतही सापडतात.

सम्राट अशोकाच्या दुसऱ्या आणि तेराव्या शिलालेखांत ताम्रपर्णीचा उल्लेख येतो. ताम्रपर्णी हे या बेटाचे प्राचीन नाव होय. महाराष्ट्राशीही त्याचा संबंध जुना आहे. महावंसातील कथेनुसार विजय आणि त्याचे सोबती लंकेला पोचण्यापूर्वी सुप्पारक बंदरात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यास उतरले होते. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहलाच्या आगमनाची कथा भिंतभर चितारलेली आहे. या कथांना इतिहास म्हणून किती मानावे हा वेगळा प्रश्न. तथापि पश्चिम किनारा आणि सिंहलद्वीप यांना जोडणारा समुद्रमार्ग आपल्या पूर्वजांना परिचित होता, एवढे त्यांवरून निश्चित दिसते.

मिहिंतले

अनुराधपुराच्या पूर्वेस सुमारे १३ किलोमीटरवर मिहिंतलेची टेकडी आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यास, जेष्ठ पौर्णिमेच्या दिवशी, स्थविर महिंद आणि राजा देवानंपिय तिस्स यांची भेट याच ठिकाणी झाली असे परंपरा सांगते. १,८४० पायऱ्यांची वाट वर जाते. दुतर्फा चाफ्याची झाडे आहेत आणि माथ्यावरून दूरवरचे तलाव व स्तूप दिसतात. या भेटीच्या कथेत एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. महिंद राजाला चमत्कार दाखवून दिपवीत नाहीत. ते त्याची बुद्धी तपासतात. समोरच्या आंब्याच्या झाडाविषयी ते प्रश्न विचारतात : याखेरीज दुसरे आंबे आहेत काय, आंब्यांखेरीज दुसरी झाडे आहेत काय, आणि ते सारे वगळले तर काय उरते? राजा उत्तर देतो की, हेच समोरचे झाड उरते. ज्याला विचार करता येतो त्यालाच धम्म सांगावा, ही या कथेची भूमिका आहे.

मिहिंतले येथे दहाव्या शतकातील दोन मोठे शिलापट्ट उभे आहेत. राजा चौथा महिंद याच्या काळातील या लेखांत विहाराच्या कारभाराचे नियम कोरलेले आहेत. कोणत्या सेवकाला किती धान्य व किती जमीन द्यावी, रोजचा खर्च कसा लिहावा आणि वर्षअखेर तो हिशेब भिक्षुसंघापुढे कसा ठेवावा, हे त्यांत तपशिलाने नमूद आहे. जवळच प्राचीन रुग्णालयाचे अवशेष असून रुग्णाला औषधी काढ्यात निजविण्यासाठी घडविलेली मनुष्याकृती दगडी द्रोणी तेथे आजही पाहावयास मिळते. विहार म्हणजे केवळ वंदनेचे स्थान अशी समजूत असणाऱ्यांनी हे दोन्ही अवशेष जरूर पाहावेत. हिशेब आणि शुश्रूषा ही विहाराचीच कर्तव्ये आहेत, हे तेथे दगडावर लिहून ठेवले आहे.

अनुराधपुर

महिंदांच्या पाठोपाठ त्यांची भगिनी संघमित्ता बोधगयेच्या बोधिवृक्षाची दक्षिण शाखा घेऊन या बेटावर आली. अनुराधपुरात तिने लावलेला वृक्ष, श्री महाबोधी, आजही उभा आहे. मानवाने लावलेल्या आणि ज्याच्या लागवडीचा काळ परंपरेने नोंदलेला आहे अशा वृक्षांत तो सर्वांत प्राचीन गणला जातो. त्याच्या जीर्ण फांद्यांना लोखंडी टेकू दिलेले आहेत आणि भोवती सोनेरी कठडा आहे. बोधगयेचा मूळ वृक्ष अनेकदा नष्ट झाला, हा वृक्ष मात्र टिकला. राजे बदलले, राजधानी सुटली, नगरावर रान माजले, तरी झाडाला पाणी घालणारे आणि हत्तींपासून त्याचे रक्षण करणारे हात खंडित झाले नाहीत.

जवळच १,६०० दगडी खांबांचे लोहप्रासादाचे अवशेष आहेत. राजा दुट्ठगामणीने इ. स. पू. दुसऱ्या शतकात आरंभिलेला रुवनवेलिसाय हा शुभ्र स्तूप आज सुमारे १०३ मीटर उंच आहे. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस राजा महासेनाच्या काळात हाती घेतलेला जेतवन स्तूप तर मूळचा सुमारे १२२ मीटर उंच होता. नऊ कोटींहून अधिक भाजलेल्या विटा त्याला लागल्या असाव्यात असा अंदाज आहे. त्या काळी गिझाच्या दोन पिरॅमिडांखेरीज त्याहून उंच वास्तू जगात नव्हती.

पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भिक्षू फाहियान येथील अभयगिरी विहारात आला. तेथे पाच हजार भिक्षू असल्याचे त्याने लिहिले आहे. मायदेश सोडून त्याला अनेक वर्षे झाली होती; सोबती कुणी मागे राहिले होते, कुणी वाटेत निवर्तले होते. बुद्धमूर्तीजवळ एका व्यापाऱ्याने अर्पण केलेला चिनी बनावटीचा पांढरा रेशमी पंखा त्याच्या दृष्टीस पडला आणि त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. सुमारे दोन वर्षे राहून, चीनमध्ये नसलेले विनयाचे व सूत्रांचे ग्रंथ मिळवून तो समुद्रमार्गे परतला. ग्रंथांसाठी बौद्ध जगाने ज्या बेटाकडे धाव घ्यावी, असे स्थान अनुराधपुराने त्या काळी मिळविले होते.

पाण्याची कामे

या संस्कृतीचा खरा आधार पाणी हा होता. बेटाच्या उत्तर भागात पाऊस वर्षातील थोडेच महिने पडतो. म्हणून तेथील लोकांनी मातीचे बांध घालून हजारो तलाव निर्माण केले. पाण्याचा दाब आवरून ते सावकाश सोडण्यासाठी बांधात चौकोनी विहिरीसारखी मोरी बसविण्याचे तंत्र त्यांनी सिद्ध केले. पाचव्या शतकात राजा धातुसेनाने कलावेव हा प्रचंड जलाशय बांधला. तेथून अनुराधपुराच्या तिस्सवेव तलावापर्यंत जाणारा कालवा ८७ किलोमीटर लांब असून सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरमागे जेमतेम १० सेंटीमीटर आहे. आधुनिक उपकरणांवाचून हे साधलेले पाहून आजचे अभियंतेही विस्मित होतात. कलावेवच्या परिसरातच अवुकन येथील, एका अखंड खडकातून कोरलेली सुमारे १२ मीटर उंचीची उभी बुद्धमूर्ती आहे.

या धातुसेनाचा अंत करुण झाला. त्याचा पुत्र कश्यप याने राज्य बळकावले आणि दडविलेला खजिना कोठे आहे असे बापाला विचारले. तेव्हा धातुसेनाने कलावेवच्या पाण्यात उतरून, ओंजळीत पाणी घेऊन, हीच आपली संपत्ती असल्याचे सांगितले, अशी कथा राजवंशाच्या बखरीत आहे. कश्यपाने त्याचा वध करविला आणि भयापोटी सीगिरियाच्या उत्तुंग खडकावर आपली राजधानी नेली. भोवतीच्या रानातून १८० मीटरांहून अधिक उंच उठलेला तो खडक, पायथ्याची उद्याने व कारंजी, मध्यावरील भित्तिचित्रे ही आज श्रीलंकेतील सर्वाधिक प्रसिद्ध दृश्ये आहेत. ती चित्रे आपल्या अजिंठ्याच्या चित्रांच्याच शतकातील होत. परंतु कश्यपाचे वैभव अठरा वर्षांपलीकडे टिकले नाही. इ. स. ४९५ मध्ये त्याचा पाडाव झाला, त्याचा भाऊ मोग्गल्लान याने ती जागा पुन्हा भिक्षूंच्या हवाली केली आणि पुढे कित्येक शतके तेथे विहार नांदला. धातुसेनाच्या तलावाचे पाणी मात्र आजही शेतात जाते. दोघांच्या कीर्तीची तुलना करताना हा फरक ध्यानी घ्यावा.

तथापि, हे तलाव कोणी खणले असा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. राजकारिय नावाच्या सक्तीच्या श्रमसेवेची प्रथा या बेटावर दीर्घकाळ होती आणि पुढे ती जातिनिहाय कामांच्या वाटणीशी घट्ट जखडली गेली. राजांची नावे शिलालेखांत आली. मातीच्या पाट्या वाहणाऱ्यांची आली नाहीत.

अलुविहार

कँडीच्या उत्तरेस, मातलेजवळ, मोठमोठ्या शिळांच्या कपारींत अलुविहार हे लहानसे स्थान आहे. प्रवासी तेथे थोडा वेळ थांबतात व पुढे जातात. परंतु बौद्ध इतिहासात याहून महत्त्वाची स्थळे फार थोडी असतील. इ. स. पू. पहिल्या शतकात, वट्टगामणी अभयाच्या काळी, परचक्र आणि भीषण दुष्काळ यांनी देश उद्ध्वस्त झाला होता. मुखोद्गत त्रिपिटक धारण करणारे भिक्षू मृत्युमुखी पडू लागले, तर बुद्धवचनच लोप पावेल, ही भीती निर्माण झाली. तेव्हा भिक्षू एकत्र आले आणि परंपरेनुसार याच ठिकाणी त्रिपिटक ताडपत्रांवर लिहिले गेले. आज आपण ज्याला पाली तिपिटक म्हणतो, त्याच्या रक्षणाचा हा आरंभ होय.

या रक्षणाचे ऋण भारतावर दुहेरी आहे. एकोणिसाव्या शतकात जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी वाचली, तेव्हा शिलालेखांतील ‘देवानंपिय पियदसी’ हा राजा कोण, हे कोणालाच सांगता येईना. लंकेत असलेले जॉर्ज टर्नर यांनी १८३७ मध्ये पाली वंसग्रंथांच्या आधारे तो अशोक असल्याचे दाखवून दिले. १९१५ मध्ये मस्की येथील शिलालेखात अशोकाचे नावच सापडले आणि त्यावर शिक्कामोर्तब झाले. ज्या सम्राटाचे चक्र आज आपल्या राष्ट्रध्वजावर आहे, त्याची ओळख पटविणारी स्मृती भारताने गमावली होती. ती सिंहली भिक्षूंच्या ताडपत्रांत शिल्लक होती.

पोलोन्नरुव

इ. स. ९९३ च्या सुमारास चोळांच्या स्वारीत अनुराधपुर पडले. राजधानी पोलोन्नरुवला गेली. पहिल्या विजयबाहूने १०७० मध्ये चोळांना घालवून दिले, तेव्हा विधिवत् उपसंपदा देण्यास आवश्यक इतकेही भिक्षू देशात उरले नव्हते. ब्रह्मदेशातून भिक्षू बोलावून संघ पुन्हा उभा करावा लागला. पुढे पहिल्या पराक्रमबाहूने (११५३–११८६) पराक्रमसमुद्र हा विस्तीर्ण जलाशय निर्माण केला आणि ११६५ मध्ये परस्परविरोधी निकायांना एकत्र आणून संघासाठी आचारसंहिता घालून दिली. ती गलविहाराच्या खडकावर कोरलेली आहे. त्याच खडकातील १४ मीटर लांबीची महापरिनिर्वाणमूर्ती आणि शेजारची उभी मूर्ती यांच्यासमोर कोणीही क्षणभर स्तब्ध होतो.

भिक्षुसंघ अशा रीतीने पुन्हा उभा राहिला, भिक्षुणीसंघ मात्र राहिला नाही. संघमित्तेने स्थापन केलेली परंपरा अकराव्या शतकानंतर या बेटावर खंडित झाली. सुदैवाने तत्पूर्वी, इ. स. ४३३ च्या सुमारास, सिंहली भिक्षुणींनी चीनमध्ये जाऊन तेथील स्त्रियांना उपसंपदा दिली होती. ती परंपरा पूर्व आशियात जिवंत राहिली. तिच्याच आधाराने १९९६ मध्ये सारनाथ येथे दहा सिंहली स्त्रियांना आणि १९९८ पासून दंबुल्ला येथे अनेकींना उपसंपदा मिळाली. दंबुल्लाची चित्रांनी व मूर्तींनी भरलेली पाच लेणी पाहावयास जाणाऱ्याने हीही घटना लक्षात ठेवावी. प्रमुख निकायांच्या नेतृत्वाने या भिक्षुणींना अद्याप औपचारिक मान्यता दिलेली नाही.

कँडी आणि मादू गंगा

कँडी हे तळ्याकाठचे, हिरव्या डोंगरांनी वेढलेले रमणीय नगर. तेथील दळदा मालिगाव या दंतधातूच्या मंदिरातून दरवर्षी एसळ पेरहर ही भव्य मिरवणूक निघते. १८१५ मध्ये ब्रिटिशांच्या हाती पडेपर्यंत ही शेवटची सिंहली राजधानी होती. अठराव्या शतकात उपसंपदेची परंपरा पुन्हा लोपली, तेव्हा वेलिविट सरणंकर यांच्या प्रयत्नांनी आणि राजा कीर्ती श्री राजसिंहाच्या आश्रयाने १७५३ मध्ये सयामहून उपाली स्थविर आले व सयाम निकाय स्थापन झाला. हे पुनरुज्जीवन मोठेच होते. परंतु थोड्याच वर्षांत उपसंपदा गोविगम या उच्च मानल्या गेलेल्या शेतकरी जातीपुरती मर्यादित करण्यात आली. ज्या तथागतांनी न्हावी असलेल्या उपालीला शाक्य राजपुत्रांआधी प्रव्रज्या दिली, त्यांच्याच संघाच्या दारावर जातीचा पहारा बसला. आणि तोही दुसऱ्या एका उपालीने आणलेल्या परंपरेत.

याला उत्तर मिळाले ते दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर. बलपिटियाजवळ मादू गंगा समुद्राला मिळते. खारफुटीच्या जाळीतून आणि लहान लहान बेटांमधून नावेने फिरण्यासाठी आज प्रवासी तेथे गर्दी करतात. दालचिनी सोलण्याच्या कामाशी बांधलेल्या सलागम जातीतील अंबगहपिटिये ञाणविमल हे आपल्या सहकाऱ्यांसह १७९९ मध्ये ब्रह्मदेशास गेले. अमरपुर येथे त्यांनी उपसंपदा घेतली. ते परतल्यावर १८०३ मध्ये, वैशाख पौर्णिमेला, याच मादू गंगेच्या पाण्यावर उदकसीमा आखून उपसंपदेचा विधी पार पडला. जमिनीवरील सीमा उच्च जातीयांच्या ताब्यात होत्या. विनयाने पाण्यावरही सीमा मान्य केलेली आहे. नदीवर कोणाची जात चालत नव्हती. अमरपुर निकायाचा जन्म असा झाला.

दुर्दैवाने हा निकायही पुढे जातिनिहाय शाखांत विभागला. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या रामञ्ञ निकायाने मात्र जातीचे बंधन मानले नाही. २०१९ मध्ये अमरपुर आणि रामञ्ञ हे दोन निकाय एकत्र आले. सयाम निकायातील जातीची मर्यादा अजूनही पुरती ओसरलेली नाही. समाजाच्या तळाशी ढकललेल्या रोडी लोकांची विटंबना तर सिंहली इतिहासाचा लज्जास्पद भाग आहे. बौद्ध देशात जात असूच शकत नाही, असे मानणाऱ्या आपल्यातील भाबड्या मंडळींनी कँडी आणि बलपिटिया ही दोन गावे एकत्र वाचावीत. धम्म स्वीकारल्याने जात आपोआप मरत नाही. ती विनयाच्या पडद्याआडूनही परत येते, आणि तिला हाकलण्याचे बळही त्याच विनयातून काढावे लागते.

चहाचे डोंगर

नुवर एलियाकडे जाणारी आगगाडी धबधब्यांवरून आणि हिरव्यागार चहाच्या मळ्यांतून जाते. १८६७ मध्ये जेम्स टेलरने लूलकंदुर येथे चहाची लागवड केली आणि कॉफीवर रोग पडल्यानंतर चहाने हे डोंगर व्यापले. त्यासाठी तमिळनाडूतून मजूर आणले गेले. त्यांतील बहुसंख्य अस्पृश्य मानलेल्या जातींचे होते. एकेका खोलीच्या रांगांत त्यांच्या पिढ्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने यांतील लक्षावधी लोक कोणत्याच देशाचे नागरिक उरले नाहीत. १९६४ च्या करारात ९,७५,००० माणसांपैकी ५,२५,००० भारताच्या आणि ३,००,००० श्रीलंकेच्या वाट्याला घालण्यात आली, उरलेल्यांचा निर्णय पुढे ढकलला गेला. कोठे राहावयाचे हे त्या माणसांना कोणी विचारले नाही. २००३ च्या कायद्याने उर्वरितांच्या नागरिकत्वाचा प्रश्न बव्हंशी सुटला. डोंगरउतारावर पाने खुडणाऱ्या स्त्रियांचे छायाचित्र घेणाऱ्या प्रवाशाला हा इतिहास दिसत नाही. आपल्याला तो दिसला पाहिजे, कारण ती आपलीच माणसे आहेत.

१९८३ ते २००९ या काळातील यादवी युद्धाने तर सारा देश होरपळला. १९८१ मध्ये जाफन्याचे तमिळ ग्रंथालय जाळण्यात आले. १४ मे १९८५ रोजी अनुराधपुरात तमिळ बंडखोरांनी केलेल्या हत्याकांडात १४६ माणसे मारली गेली. त्यांत बोधिवृक्षाच्या आवारातील उपासकही होते. १९९८ मध्ये कँडीच्या दंतधातुमंदिरावर स्फोट घडविण्यात आला. ग्रंथ जाळणारे आणि बोधिवृक्षाखाली रक्त सांडणारे वेगवेगळ्या पक्षांचे होते, पण वंशाभिमानाचे विष एकच होते. मैत्रीची शिकवण जतन करणाऱ्या देशातही ती आचरणात आणणे किती कठीण असते, याची ही साक्ष होय.

आपला वारसा

१९०२ मध्ये गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धम्माच्या शोधात कोलंबोस पोचले आणि विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांजवळ पाली शिकले. मराठीत बौद्ध विद्येचा पाया त्या अध्ययनाने घातला. भदंत आनंद कौसल्यायन यांनी १९२८ मध्ये श्रीलंकेतच उपसंपदा घेतली. मे १९५० मध्ये कँडी येथे जागतिक बौद्ध परिषद भरली, तेव्हा बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले. बौद्ध विधी पाहावेत आणि बुद्धाचा धम्म तेथे कितपत जिवंत आहे हे तपासावे, असा त्यांचा हेतू होता. कोलंबोत त्यांनी भारतातील बौद्ध धम्माच्या उदयास्तावर व्याख्यान दिले. त्याच वर्षी महाबोधी सभेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी समकालीन भिक्षुसंघावर कठोर टीका केली आणि संघाने समाजसेवेला वाहून घ्यावे असे बजावले. बाबासाहेब श्रद्धेने गेले होते, पण डोळे उघडे ठेवून गेले होते.

आपणही सिंहलद्वीपाकडे याच वृत्तीने पाहावे. अलुविहाराने ग्रंथ राखले, मिहिंतलेने हिशेब राखला, मादू गंगेने जातीला नकार दिला, ही शिकण्याची स्थळे आहेत. कँडीने जे दार बंद केले, तो इशारा आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेने आपण जात टाकली असे आपण म्हणतो. मग आपल्या विहारांत, आपल्या विवाहसंबंधांत आणि आपल्या संघटनांच्या पदांवर पोटजात अजून विचारली जाते काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपुराहून आणलेल्या शाखांपासून वाढला आहे. गयेहून संघमित्तेने नेलेली फांदी बावीस शतकांनी परत आपल्या दारी आली. अनुराधपुराच्या माणसांनी ती राखली म्हणून ती आपल्याला मिळाली. आता तिला राखण्याची जबाबदारी आपली आहे.